सातबाऱ्यावरचा एक शब्द



कोकणातल्या जांभ्याच्या पठारावरच्या, म्हणजे सड्यावरच्या, जमिनीचा सातबारा काढला की त्यात बहुधा एक शब्द भेटतो: पोटखराबा. आज मी ज्या तीन विषयांवर बोलणार आहे, म्हणजे पुरातत्त्वाचे जतन, परके जीव आणि समावेशक शिक्षण, त्यांना जोडणारा धागा मला या शब्दात सापडतो. हा शब्द वाईट हेतूने आलेला नाही. १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीची जी पद्धत बसवली, तिच्यापुढे प्रश्न एकच होता: या जमिनीवर किती सारा बसवता येईल? ज्या तुकड्यात काही पिकत नाही तो आकारणीतून वगळायचा. रयतेच्या दृष्टीने त्यात दिलासाच होता. 'खराबा' म्हणजे 'यावर सारा नाही', इतकाच त्याचा मूळ अर्थ. पण कागदावर फार काळ राहिलेला शब्द लोणच्यासारखा मुरतो. 'सारा नाही' याचे 'उपयोग नाही' झाले, आणि 'उपयोग नाही' याचे 'तिथे काहीच नाही' कधी झाले, ते ना तलाठ्याच्या लक्षात आले ना आपल्या. माझे म्हणणे असे आहे की अभ्यासाआधी पडलेली नोंद अभ्यासाची दिशा ठरवते. रकाना आधी छापला जातो आणि पाहणी मागून येते, मग जे रकान्यात मावत नाही ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांनाही दिसत नाही.

सड्यापासूनच सुरुवात करू. मे महिन्यात हा काळा-तांबडा कातळ तव्यासारखा तापतो आणि त्यावर चालणाऱ्याला 'ओसाड' हा शब्द अगदी बरोबर वाटतो. मृगाचा पाऊस पडला की चार-सहा आठवड्यांत तिथे गेंद उभे राहतात, सीतेची आसवे पसरतात, दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. यांतल्या काही जाती सह्याद्री आणि कोकण सोडून जगात कुठेच नाहीत. आणि याच कातळावर माणसाने कोरलेल्या आकृत्या आहेत: माणसे, मासे, वाघ, हत्ती, शार्क, पाकट आणि ज्यांचा अर्थ कुणालाच लागत नाही अशा भौमितिक चौकटी. मालवण तालुक्यातल्या हिवाळे आणि कुडोपीच्या कातळशिल्पांकडे सतीश लळीत यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून शेकडो आकृत्यांची नोंद केली. २०२२ मध्ये 'कोकणातील कातळशिल्पे' युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीतल्या नऊ ठिकाणांत मालवण तालुक्यातले कुडोपी आहे.

'शोध लागला' या शब्दप्रयोगापाशी मात्र जरा थांबावे लागते. कुडोपीच्या त्या जागेला गावकरी 'बाहुल्यांचे टेंब' म्हणत आले आहेत. अन्य गावांत तीच चित्रे पांडवांनी एका रात्रीत कोरली अशा कथा आहेत. म्हणजे नोंद होती, ती महसुली दप्तराऐवजी जागेच्या नावात होती. कातळावर बाहुल्या आहेत हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते, आणि सरकारी कागद त्याच जागेला खराबा म्हणत होता. दोन नोंदी शेजारी शेजारी होत्या, पण वजन एकीलाच होते. याचा परिणाम काय, ते चिरेखाणीच्या कडेला उभे राहिले की कळते. जांभा हा कोकणातल्या घराचा चिरा आहे आणि चिरा काढायला 'पडीक' कातळ सर्वांत सोयीचा. जिथे काहीच नाही असे कागद सांगतो, तिथे यंत्र लावताना कुणाला विचारायचे कारण उरत नाही. अशा किती आकृत्या चिऱ्यांबरोबर गेल्या, याचा हिशेब आता कुणीच देऊ शकणार नाही, कारण त्या कधी मांडल्याच गेल्या नाहीत.

यावर आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो. त्याने कातळ फोडून, माती भरून हापूस किंवा काजू लावला, तर पहिल्यांदाच त्या जमिनीने त्याच्या घरात चार पैसे आणले. चित्रांसाठी आणि रानफुलांसाठी त्याने गरीब राहावे काय? राहू नये. पण म्हणून बागेने नेमके काय जाते हे पाहायचेच नाही, असे होत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने मोलाचा आहे. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन आणि बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थांच्या संशोधकांनी कोकणातले मोकळे सडे, पडून राहिलेली भातशेती आणि कातळावरच्या बागा यांची तुलना केली. पद्धत अगदी साधी: सुटे दगड उलटून त्यांखाली कोण राहते ते मोजायचे. फुरसे, विंचू, कोळी, मुंग्या आणि फक्त याच पट्ट्यात आढळणारी पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल. उत्तर एकसुरी आले नाही. जमिनीचा वापर बदलला की सगळ्यांना सारखा फटका बसत नाही, काहींना फार बसतो आणि काहींचे निभावते. धोरणाला अशाच उत्तराचा उपयोग होतो, कारण 'सगळे वाचवा' आणि 'सगळे फोडा' या दोहोंच्या मधली वाट त्यातून दिसते: कुठला सडा सोडायचा, कुठे दगड हलवायचे नाहीत, कुठे बाग चालेल. मालकाला मोबदला देऊन काही कातळ राखायचा, तर आधी तिथे राखण्यासारखे काय आहे ते कागदावर यायला हवे.

आता परक्या जिवांकडे वळू. इथे शब्दांचा घोटाळा आणखी मोठा आहे. सडा ओसाड ठरला म्हणून तो 'हिरवा' करण्याची मोहीम निघाली आणि सामाजिक वनीकरणाने कोकण-गोव्यातल्या जांभ्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. झाड भराभर वाढते, जळण देते, दुरून जंगलासारखे दिसते. त्याच्या सावलीत आणि पानांच्या थराखाली उन्हावर जगणारी सड्याची बुटकी वनस्पती टिकत नाही. म्हणजे परकी जात तिथे आपण होऊन घुसली नाही, एका चुकीच्या नोंदीने तिला आवतण दिले. घाणेरीची कथाही तशीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त जंगल, तिच्या धोक्याखाली आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या आयपीबीईएस या संस्थेने २०२३ च्या अहवालात जगभर माणसाने नेऊन रुजवलेल्या परक्या जाती ३७ हजारांहून अधिक मोजल्या आणि त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक घातक ठरवल्या. या दोन आकड्यांमधले अंतर पाहा. परक्या जाती बहुसंख्येने निरुपद्रवी आहेत. काजू हा ब्राझीलचा. पोर्तुगीजांबरोबर आला आणि आज वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या त्याच्या जाती देशभर लावल्या जातात. मिरची परकी, अननस परका. मालवणी जेवणातून परके काढायचे म्हटले तर तिरफळ उरेल, तिखट जाईल. तेव्हा 'परके' हा जन्मदाखला आहे आणि 'आक्रमक' हे वर्तनाचे वर्णन. पहिल्यावरून दुसरे ठरवता येत नाही, त्यासाठी त्या जातीने त्या जागी काय केले ते मोजावे लागते.

उलट्या बाजूने चूक होते तेव्हा आपलाच जीव उपद्रवी ठरतो. एकोणिसाव्या शतकात सरकारने फुरशाच्या डोक्यावर बक्षीस लावले होते. १८६२ च्या डिसेंबरात आठ दिवसांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात मालवण मोडत होते, एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. फुरसे संपले नाही आणि सर्पदंशही थांबले नाहीत. बक्षीस देणाऱ्यांनी मुडदे मोजले. दंश कुठे, कोणत्या ऋतूत, कोणत्या कामात होतात हा उपयोगाचा प्रश्न वेगळाच होता. आज तीच गत हत्तीची होऊ पाहते आहे. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात येऊ लागले. माड, पोफळी, केळी मोडू लागल्या, माणसांचे जीवही गेले. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात हत्ती पकडण्याची मोहीम झाली. तरी आजही बोलण्यात हत्ती हा 'बाहेरचा', सीमा ओलांडून आलेला असतो. आता रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीच्या कातळावर पाहा. तिथे कुणा प्राचीन माणसाने पुऱ्या आकाराचा हत्ती कोरून ठेवला आहे. अन्यत्र गेंड्यासारख्या आकृत्या अभ्यासकांना दिसल्या आहेत, आणि गेंडा तर आज कोकणात कुठेच नाही.

इथे पुरातत्त्वज्ञ मला लगेच थांबवतील आणि त्यांनी थांबवावे. कोरलेला हत्ती म्हणजे तिथे राहणारा हत्ती नव्हे. कोरणाऱ्याने तो घाटावर पाहिला असेल, ऐकूनही कोरला असेल. कातळशिल्पांचा काळ अजून वादात आहे. कोकणात कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारे मिळाली आहेत, पण हत्यारे आणि चित्रे एकाच हातची हे सिद्ध व्हायचे आहे. हे सारे मान्य. मला त्या शिल्पातून हत्तीचा रहिवासी दाखला काढायचा नाही. माझा मुद्दा असा की 'मूळचा' हा शब्द वापरताना आपण कुठल्या वर्षापासून मोजतो आहोत हे सांगायला हवे. २००२ पासून मोजले तर हत्ती आगंतुक. कातळ कोरणाऱ्याच्या काळापासून मोजले तर निदान ओळखीचा. आणि ज्या माडाची पोय हत्तीने ओढली त्या माडाच्या मालकाला यांपैकी कुठल्याच उत्तराने नुकसानभरपाई मिळत नाही. त्याला हत्तीचे मूळ गाव कळून काय करायचे? त्याला हवे आहे ते हत्तीच्या येण्याजाण्याच्या वाटा, हंगाम, कोणत्या पिकाचे किती गेले आणि पंचनामा किती दिवसांत झाला यांचे चोख मोजमाप. 'परका' या शब्दावर भांडण जितके रंगते, तितके हे मोजमाप मागे पडते.

तिसरा विषय मुलांचा. तो शेवटी ठेवला आहे, कारण इथे रकान्यात अडकणारा दगड किंवा झुडूप नसून बोलणारा, ऐकणारा, दुखावणारा जीव असतो. मुलाची तुलना पडीक जमिनीशी करणे काहींना खटकेल. मलाही ती तुलना मुलांची करायची नाही. आपल्या नोंदवहीची करायची आहे. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचे पाच प्रकार विचारले, २०११ मध्ये आठ. २०११ चा देशाचा आकडा आला २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जगाचा अंदाज दिला सुमारे १५ टक्के. भारतीय माणसे जगाच्या सातपट धडधाकट आहेत, असा याचा अर्थ कुणी लावणार नाही. फरक प्रश्नात आहे. दारात उभा राहून 'घरात कुणी अपंग आहे का?' असे विचारले, तर आई काय उत्तर देईल? मुलीच्या लग्नाचा विचार तिच्या मनात असतो, शेजारीण ऐकत असते, आणि मूल जरा उशिरा बोलते याला 'अपंग' म्हणतात हे तिला ठाऊकही नसते. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने स्थापलेल्या वॉशिंग्टन गटाने म्हणून प्रश्न बदलले. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? चालायला, आठवायला, स्वतःचे आवरायला, आपले म्हणणे समजावून सांगायला? मुळीच नाही, थोडा, फार, की जमतच नाही? शब्द बदलला, छाप मारण्याऐवजी अडचण विचारली, आणि अशी पाहणी जिथे झाली तिथे आकडे वाढले. मुले तीच होती.

नोंदीत न आलेल्या मुलाला शाळेत आणण्याची जबाबदारी कुणावर पडत नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने युनेस्कोसाठी तयार केलेल्या २०१९ च्या अहवालात जनगणनेच्याच आधारे असे दाखवले की पाच वर्षांच्या अपंग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुले कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती. आपला सिंधुदुर्ग जिल्हा साक्षरतेत पुढे आहे, २०११ ला ८५ टक्क्यांवर होता. पण वाड्या विखुरलेल्या, मधे खाडी, मधे सडा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, पण बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी बरेचदा जिल्ह्याचे ठिकाण ओरोस गाठावे लागते. ३८ टक्क्यांच्या मुलाला फळा ४० टक्क्यांच्या मुलाइतकाच अंधुक दिसतो, पण कागदावर दोघांमध्ये दरी पडते. २०२३ मध्ये राज्यात कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला, तेव्हा चर्चा पटसंख्येची झाली. पाच मुलांची वाडीवरची शाळा हिशेबात खराबाच. पण त्या पाचांत एक पायाने अधू असेल, तर गाडीने चार किलोमीटरवरची शाळा गाठताना आधी त्याचेच शिक्षण सुटेल. पटाच्या रकान्यात तो इतर चौघांसारखाच एक असतो.

यावरचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप शिक्षकांकडून येतो: एका वर्गात दोन इयत्ता, हाताशी मदतनीस नाही, त्यात विशेष गरजेचे मूल घेतले तर बाकीच्यांचे नुकसान होईल. हा आक्षेप तपासून पाहिला गेला आहे. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये २६ अभ्यासांतले ७१ निष्कर्ष एकत्र मांडले. सोबतच्या मुलांच्या प्रगतीवर परिणाम झाला नाही किंवा चांगला झाला, असे सांगणारे निष्कर्ष त्यांत ८१ टक्के निघाले. मात्र हे पुरावे बहुतांशी श्रीमंत देशांतले, जिथे वर्गात दुसरा माणूस असतो. ते उचलून आपल्या द्विशिक्षकी शाळेवर ठेवणे म्हणजे पुन्हा न पाहताच रकाना भरणे. त्या आकड्यांतून मला एवढेच घ्यावेसे वाटते की नुकसान अटळ नाही, ते व्यवस्थेवर अवलंबून आहे. २०१६ च्या कायद्याची व्याख्याही हेच म्हणते: अपंग आणि इतर मुले एकत्र शिकतील आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजांप्रमाणे बदलेल. बदलायचे आहे ते पद्धतीने. दुसरा आक्षेप कर्णबधिरांच्या बाजूचा आहे, आणि तो मला जास्त जड वाटतो. खुणांची भाषा येणारे कुणीच नसलेल्या वर्गात कर्णबधिर मूल बसवणे याला समावेश म्हणत नाहीत, त्याला गर्दीतला एकांतवास म्हणतात. अशा मुलासाठी आपल्या भाषेची वेगळी शाळा अधिक समावेशक ठरू शकते. 'सगळे एकत्र' हासुद्धा एक छापील रकाना होऊ शकतो, हे समावेशाच्या पुरस्कर्त्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

मग रकाने काढूनच टाकायचे काय? नाही. दाखल्याशिवाय निधी कुणाला द्यायचा, सीमारेषेशिवाय अभयारण्य कुठले? नोंदीशिवाय कारभार चालत नाही हे मालवणकरांना वेगळे सांगायला नको. १३ एप्रिल १९८७ रोजी इथे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याआधी १९७९ मध्ये कासिम आणि वाफर यांनी या किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची शास्त्रीय नोंद केली होती, म्हणजे पाहणी आधी, रेषा मागून, हा क्रम इथे पाळला गेला. चुकले ते दुसरीकडे. त्या पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांच्या नोंदी, कोणता मासा कुठे अंडी घालतो, कुठल्या वाऱ्याला कुठे जाळे टाकायचे, त्या हिशेबात आल्या नाहीत, आणि अभयारण्य हा शब्दच कित्येकांना शत्रूसारखा वाटू लागला. सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट पुरातत्त्व खात्याकडे, तटाला लागलेले पाणी वन खात्याकडे, आणि प्रवाळाला ही वाटणी अर्थातच कुणी सांगितलेली नाही. २०२५ मध्ये किल्ला मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा दुर्गांपैकी एक म्हणून जागतिक वारसा झाला. तटावर लाट आपटते तिथेच प्रवाळ आहे, तरी दोन फायली अजून वेगवेगळ्या कपाटांत आहेत. गावाची स्वतःची नोंद असावी म्हणून २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद झाली. माधव गाडगीळ यांनी ती कल्पना आयुष्यभर मांडली. पुढे हरित लवादाने मुदत घातली, दंडाची भीती आली, आणि देशभर नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. उत्तम नोंदवहीसुद्धा मुदतीपोटी भरली की खराब्याच्या रकान्याइतकीच आंधळी होते. म्हणून मी रकाना नको म्हणत नाही, तो पेन्सिलीने भरा म्हणतो. कुडोपीचे टेंब, दोडामार्गचा हत्ती किंवा तिसरीतले मूल, कुणाचीही नोंद करताना जो तिथे रोज वावरतो त्याला आधी विचारावे, आणि ठरावीक वर्षांनी ती नोंद पुन्हा उघडावी.

शेवटची एक सूचना कातळशिल्पांबद्दल, कारण त्यात हे तीनही विषय एका जागी येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून 'अनुभव' नावाचे दालन आहे, तिथे दृष्टिहीनांना प्रतिकृती हाताने पाहता येतात. कातळशिल्प ही तर कोरीव रेघ आहे, बोटाने वाचण्यासाठीच केल्यासारखी. जतन करणारे म्हणतील, हात लावू नका, जांभा झिजतो. त्यांचे बरोबर आहे. म्हणून साचे घ्यावेत आणि मूळ मापाच्या प्रतिकृती जिल्ह्यातल्या शाळांना पोचतील अशा जागी ठेवाव्यात, साचा कुठल्या शिल्पाचा ते त्या गावाला विचारून. उक्षीला डोळस माणसाला हत्ती पुरा दिसावा म्हणून उंचावर सज्जा बांधावा लागला, कारण कातळावर उभे राहून त्याच्या फक्त रेघा दिसतात. प्रतिकृतीवर दृष्टिहीन मुलगी सोंडेच्या टोकाला बोट ठेवील आणि रेघ धरून गुडघ्यांवर रांगत पाठीवरून शेपटीपर्यंत जाईल, पायांवरून परत फिरेल. तेवढ्या वेळात हत्ती केवढा असतो ते तिला कळलेले असेल.